न भाजलेला गाजर केक : अग्नीचे काम कोणी करावे?

रामनवमीला बेंगळुरूमध्ये पानकासोबत कोसंबरी वाटली जाते. भिजवलेली मूगडाळ, किसलेले गाजर किंवा काकडी, ओले खोबरे आणि लिंबू एवढाच तिचा ऐवज. आपल्याकडील गाजराची कोशिंबीर ही तिचीच बहीण. फोडणी वगळली तर या दोन्ही पदार्थांना विस्तवाचा स्पर्श होत नाही. त्यामुळे ओव्हनचा वापर न करता आणि दूध, लोणी, अंडी, मध वर्ज्य करून घरी केला जाणारा कच्चा गाजर केक वरकरणी नवा वाटला तरी त्यामागील कल्पना आपल्याला परकी नाही.

मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. कोशिंबीर केल्यावर लगेच संपते. हा केक दोन-तीन दिवस राहतो आणि त्यात ताज्या गाजराबरोबर खजूर, अक्रोड, काजू, खोबरे असा महिनोन्‌महिने साठवलेला माल असतो. नेहमीचा केक भाजताना त्याचा मधला भाग सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापमानात कीटकांची अंडी, अळ्या, जंतांची अंडी आणि बहुतेक रोगकारक जिवाणू नष्ट होतात. आपल्या निवडण्या-धुण्यातील बऱ्याच चुका अग्नी पोटात घालतो. अग्नी काढून घेतला की ते काम शेतात, साठवणीत आणि स्वयंपाकघरात आपल्यालाच करावे लागते. हे काम कोणी, कोठे आणि कसे करावे, हे या लेखात पाहू.

भाजल्याविना केक घट्ट कसा होतो?

या केकमध्ये पीठ आणि अंडी नसतात. वाटलेल्या खजुरातील साखर व पेक्टिन यांच्या चिकटपणामुळे गाजराचा कीस आणि अक्रोडाचा भरडा एकमेकांस धरून राहतात. सुके खोबरे गाजराचे उरलेले पाणी शोषून घेते. वरच्या थरातील खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणून तो थर फ्रिजमध्ये ठेवल्यावर लोण्यासारखा बसतो.

पोषणाच्या दृष्टीनेही ही जुळणी योग्य आहे. गाजरातील बीटा-कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थाची गरज असते. अख्ख्या कच्च्या गाजरातून ते कमी मिळते. बारीक किसल्याने पेशी फुटतात, आणि अक्रोड व खोबऱ्यातील तेलामुळे शोषण सुधारते. तथापि या केकला ‘बिनसाखरेचा’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. मधुमेही व्यक्तीस ही गोष्ट स्पष्ट सांगावी.

अठ्ठेचाळीस अंशांची मर्यादा

कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते साधारणपणे ४८ अंशांपर्यंत तापवलेले अन्न ‘कच्चे’ मानतात. साठवणीतील कीटक खात्रीने मारण्यासाठी धान्य, यंत्रे किंवा गोदामे ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून काही तास त्या तापमानात ठेवावी लागतात. म्हणजे कच्च्या आहाराची मर्यादा जेथे संपते, तेथे कीटकांच्या खात्रीशीर मृत्यूची मर्यादा सुरू होते. आपल्या घरांतील ‘कडक ऊन देणे’ ही पद्धत सोलापूर किंवा विदर्भातील उन्हाळ्यात उपयोगी पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या बेंगळुरूच्या सौम्य आणि पावसाळ्यात दमट हवेत तिच्यावर विसंबता येत नाही.

‘कच्चा’ हा शब्दही तपासून घ्यावा. बाजारातील पांढरा काजूगर कच्चा नसतो. टरफलातील दाहक तेलामुळे काजू बी आधी वाफवावी किंवा भाजावी लागते. नंतर गराची साल सुटावी म्हणून तो सुमारे ७० अंशांवर वाळवला जातो. खऱ्या अर्थाने कच्चा काजू म्हणजे कोकणात उसळीसाठी वापरला जाणारा ओला काजूगर. ओट्स वाफवून चपटे केलेले असतात आणि गूळ तर कढवलेलाच असतो. घरच्या केकसाठी याने काही बिघडत नाही. मात्र विक्री करताना लेबलावर ‘पूर्णतः कच्चा’ असा दावा करणाऱ्याने हे जाणून असावे. शिवाय प्रक्रियेत काजू एकदा तापला म्हणून तो कीडमुक्त राहतो, असेही नाही. नंतरच्या साठवणीत त्यात कीड पुन्हा शिरते.

खजूर व सुकामेव्यातील कीड : शीत उपचार

खजूर, बदाम, अक्रोड आणि काजू यांत प्रामुख्याने दोन प्रकारचे कीटक आढळतात. पहिला, वक्षाच्या कडांना करवतीसारखे दाते असलेला, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा चपटा तपकिरी भुंगेरा. शरीर चपटे असल्याने तो पाकिटाच्या बारीक फटीतूनही आत जातो. दुसरा गट पतंगांचा. बदामावरील पतंग आणि तांदळावरील पतंग यांच्या अळ्या रेशमी धाग्यांनी दाणे एकमेकांस चिकटवून आतून खातात.

तांदळावरील पतंग म्हणजेच कॉर्सिरा विस्तार कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ट्रायकोकार्डवर चिकटवलेली अंडी याच पतंगाची असतात. कार्ड करताना अळ्या बाहेर पडून परोपजीवीग्रस्त अंडी खाऊ नयेत म्हणून ती अंडी अतिनील किरणांखाली निर्जीव केली जातात, आणि तयार कार्डे फ्रिजमध्ये ठेवली की आतील ट्रायकोग्रामाची वाढ मंदावते, पण तो मरत नाही. यातून घरासाठीही धडा मिळतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातील थंडी कीटकाला थोपवून धरते, तर त्याला मारण्याचे काम फ्रीझरचे आहे.

घरगुती शीत उपचार पुढीलप्रमाणे करावा.

• खजूर, अक्रोड व काजू निवडून, प्रत्येकी अर्धा किलोपर्यंतच्या हवाबंद, चपट्या पिशव्यांत भरावेत. जाड पिशवीचा मध्यभाग थंड होण्यास फार वेळ लागतो.
• उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पूर्ण चार दिवस ठेवावेत. या अवधीत अंड्यापासून प्रौढापर्यंत कीटकाच्या सर्व अवस्था मरतात.
• पिशवी बाहेर काढल्यावर ती सामान्य तापमानास येईपर्यंत उघडू नये. उघडल्यास हवेतील बाष्प थेट मालावर जमते आणि बुरशीला निमंत्रण मिळते.

मेलेली अळीदेखील अन्नात राहतेच, म्हणून निवडण्याला पर्याय नाही. बिया काढून दाबलेल्या खजुरात काय दडले आहे ते दिसत नाही. अख्खा खजूर घ्यावा, प्रत्येक फळ उभे चिरावे, बी काढावी आणि पोकळीत विष्ठेचे काळे कण, जाळी किंवा अळी नाही याची खात्री करावी. सुरकुतलेले, काळपट, खवट वासाचे किंवा बुरशीचा अंश असलेले दाणे टाकून द्यावेत. ॲस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष थंडीने नष्ट होत नाही आणि स्वयंपाकातील उष्णतेनेही फारसे कमी होत नाही. तेथे निवड हाच उपाय आहे.

घरातील साठवणीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसासाठी प्राणघातक आहे. गोदामात फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी तो वापरू नये.

‘डोक्यात किडा जातो’ म्हणजे काय?

कच्चा कोबी किंवा गाजर खाल्ल्याने डोक्यात किडा जातो, असे अनेक घरांत सांगितले जाते. कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून येथे खुलासा करणे आवश्यक वाटते. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी किंवा गाजरावरील कोणताही कीटक माणसाच्या मेंदूत जात नाही. मेंदूत जाते ती डुकरातील पट्टकृमीची, म्हणजेच टेपवर्मची, सूक्ष्म अळीअवस्था. तिची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि हात यांमार्फत अन्नावर येतात. भारतात अपस्माराच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. समज चुकीचा असला तरी भीती निराधार नाही. फक्त दोष किडीचा नसून सांडपाण्याचा आणि अस्वच्छतेचा आहे.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे कवच जाड असल्याने मीठ, हळद, व्हिनेगर किंवा क्लोरीनचे पाणी यांवर भरवसा ठेवता येत नाही. अळीसाठी सांगितलेला फ्रीझरचा उपायही येथे लागू पडत नाही. ती घासून, वाहत्या पाण्याने धुऊन आणि साल काढूनच दूर करावी लागतात. क्रमही महत्त्वाचा आहे. गाजर आधी ब्रशने घासून धुवावे, देठाकडील एक सेंटिमीटर भाग कापून टाकावा, साल काढावी आणि नंतर पिण्याच्या पाण्याने पुन्हा धुवावे. न धुता साल काढल्यास सुरीवरील माती आतल्या गरास लागते. फाटे फुटलेल्या गाजराच्या बेचक्यात माती अडकून राहते. असे गाजर हलव्यासाठी वापरावे, कच्च्या केकसाठी नव्हे.

शेतकऱ्याच्या हातातील भाग

गाजर हे मूळ असल्याने माती आणि पाणी यांच्याशी त्याचा संबंध फळभाज्यांपेक्षा अधिक निकटचा आहे. कच्चे खाण्यासाठी गाजर पिकवणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

• प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याने गाजरास सिंचन करू नये. सांगली जिल्ह्यातील कवलापूर असो की निलगिरी, काढणीनंतर गाजर धुण्याची पद्धत रूढ आहे. धुण्याच्या शेवटच्या टप्प्यातील पाणी पिण्याजोगे असावे. तेच गढूळ पाणी पुन्हा पुन्हा वापरल्यास एका ढिगाचा दोष सर्व मालास लागतो.
• शेणखत पूर्ण कुजलेलेच द्यावे. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी वाढते, मुळांना फाटे फुटतात आणि आतड्यांतील रोगजंतूही शेतात येतात.
• सूत्रकृमीमुळे गाठी व फाटे येत असल्यास पिकाची फेरपालट करावी. त्या गाठींमुळे खाणाऱ्यास अपाय होत नाही, पण गाजर नीट स्वच्छ करता येत नाही.
• ज्या कीटकनाशकाच्या लेबलावर गाजराचा उल्लेख नाही ते वापरू नये. उल्लेख असल्यास काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी काटेकोर पाळावा. जमिनीत दिले जाणारे फोरेटही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे.

शेवटच्या मुद्द्याला जुना दाखला आहे. ब्रिटनमध्ये गाजरमाशीसाठी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके वापरली जात. सरासरी अंश मर्यादेत असूनही एखाद्या गाजरात ते कित्येक पट अधिक आढळले. त्यामुळे १९९५ मध्ये तेथील शासनाने गाजराची साल आणि देठाकडील भाग काढून खाण्याचा सल्ला दिला. नमुन्याची सरासरी सुरक्षित असली, तरी ताटात येते ते एकच गाजर.

वाणांविषयी थोडे. या केकसाठी बारीक गाभ्याचे, नारिंगी व गोड गाजर उत्तम. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का सूरज’ हा नारिंगी वाण उष्ण प्रदेशातही बी धरतो. ‘पुसा रुधिरा’सारखे लाल वाण रसाळ असतात. त्यांचा कीस अधिक पिळावा लागतो.

कृती

साहित्य (१५ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी) : सोललेले गाजर ३०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर २५० ग्रॅम, अक्रोड १५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ६० ग्रॅम, आल्याचा कीस एक लहान चमचा, दालचिनी व जायफळ चवीनुसार, चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी काजू १५० ग्रॅम, नारळाचे घट्ट दूध १०० मिलिलिटर, खाद्य खोबरेल तेल दोन मोठे चमचे, लिंबाचा रस दोन मोठे चमचे, खजूर चार.

१. काजू स्वच्छ पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर भिजवावेत. बाहेर भिजवल्यास जिवाणू वाढतात. सकाळी पाणी टाकून द्यावे.
२. गाजर बारीक किसून स्वच्छ कापडात पिळावे. रस लगेच प्यावा.
३. अक्रोड जाडसर भरडावेत. खजूर वेगळा वाटावा. त्यात अक्रोड, गाजर, खोबरे, आले, मीठ आणि अख्खे घेऊन ताजे कुटलेले मसाले घालून एकजीव करावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा. सैल वाटल्यास खोबरे वाढवावे.
४. भांड्यात कागद घालून मिश्रण दाबून बसवावे.
५. काजू, नारळाचे दूध, खजूर, तेल व लिंबूरस गुळगुळीत वाटून वर पसरावे. झाकून फ्रिजमध्ये किमान चार तास ठेवावे.

साठवण व विक्री

सुका खजूर टिकतो, कारण त्यात जंतूंना उपलब्ध होईल असे पाणी कमी असते. गाजराचा कीस व नारळाचे दूध मिसळले की हे संरक्षण संपते. म्हणून केक पाच अंशांखाली ठेवावा, तीन दिवसांत संपवावा आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेला भाग खाऊ नये. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींसाठी भाजलेला केकच योग्य.

बचत गटाने विक्री करायची झाल्यास एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी आणि अक्रोड, काजू यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेसह लेबलावर करावा. ‘व्हीगन’ हे चिन्ह वापरण्यासाठी २०२२ च्या व्हीगन खाद्य नियमावलीनुसार मान्यता लागते. या नियमावलीनुसार प्राणिजन्य घटक वर्ज्य आहेत, म्हणून मधही चालत नाही. न चिरता वाटलेल्या खजुरातील अळीने तर तो दावा पहिल्याच घासात खोटा ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी या पदार्थाचे प्रात्यक्षिक दाखवताना कृतीला अर्धा तास द्यावा आणि गाजर धुणे, खजूर चिरणे व पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवणे यांना तेवढाच वेळ द्यावा. केक बिघडला तर पुन्हा करता येतो. न धुतलेल्या गाजरातून गेलेले जंताचे अंडे परत घेता येत नाही.