हंगामाची अखेर आणि शाळेची अखेर



हंगाम उतरणीला लागला की गट ऑफिसात, सोसायटीत, पारावर एकच प्रश्न ऐकू येतो, "ऊस गेला का?" ज्याचा गेला तो सुटला, ज्याचा राहिला त्याच्या जिवाला घोर. २०२१-२२ च्या हंगामात ऊस एवढा उदंड झाला की राज्यातले गाळप जूनपर्यंत लांबले. तो घोर अजून कोणी विसरलेले नाही. पण या घाईत आपल्याच घरात दुसरा एक हंगाम संपत आलेला असतो, त्याची चौकशी आपण क्वचितच करतो. तो म्हणजे पोरांच्या शाळेचा हंगाम.

दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चात, खालच्या वर्गांची परीक्षा एप्रिलात. आणि नेमकी याच दिवसांत शेवटची तोड, खोडव्याची मशागत, सुरू उसाची खुरपणी, उन्हाळी पाण्याच्या पाळ्या, मार्चअखेरचा सोसायटीचा भरणा, वर लग्नसराई. सगळी कामं एकदम अंगावर आली की त्यातलं एखादं काम कुणाच्या तरी अंगावर ढकललं जातं. ते कुणाच्या अंगावर जातं आणि ते टाळायचं कसं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

न मोजलेला भार

मळ्यातल्या घराचा मार्चातला दिवस डोळ्यांपुढे आणा. टोळी पहाटेच फडात उतरलेली. घरधनी फडावर, कारण वाहन भरून निघेपर्यंत हलता येत नाही. घरातली बाई चूल, धारा, डेअरीचं दूध, फडावरचा चहा आणि ड्रायव्हरचं जेवण यांत अडकलेली. मग धाकट्या लेकराला कोण बघणार? थोरली पोर. वाढे आणून जनावरांपुढे कोण टाकणार? मधला पोरगा. रात्रीची वीज आली तर मोटर सुरू करून दारं कोण धरणार? तोच, सकाळी पेपर असला तरी.

दुसऱ्याचं कशाला, आमच्या घरचंच सांगतो. थोरली दहावीला होती त्या वर्षी गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी आमची तोड आली. धाकट्याला सांभाळणं, दोन वेळचा चहा, रात्रीच्या आठ-दहा भाकरी, सगळं तिनं केलं. घरातल्या कुणी तिला "कर" असं म्हटलं नाही. ती आपण होऊन करीत राहिली आणि आम्ही करू दिलं. रात्री अकराला पुस्तक घेऊन बसली ती पुस्तकावरच झोपली. ती पास झाली, पण पुढे एकदा सहज म्हणाली, "त्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही." तिला राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य अजून टोचतं.

आपण टनाचा हिशेब ठेवतो, उचल-कपातीचा ठेवतो. पोरीच्या या दिवसाचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

कोसबादच्या टेकडीवर काय झालं

हा प्रश्न आपल्याच भागाचा नाही आणि नवाही नाही. आपल्यापासून दूर, पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. तिकडे ऊस नाही. किनाऱ्याला चिकूच्या बागा, आत डोंगरपट्टीत भात आणि गवत, आणि वस्ती बहुतांशी वारली व इतर आदिवासी बांधवांची. भात घरात आला, दिवाळी सरली की तिथली अनेक कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर कामाला बाहेर पडतात. होळीला गावी येतात, पुन्हा जातात, पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र आणि पोटाची वणवण एकाच वेळी. आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचं जे होतं तेच.

याच डहाणू तालुक्यात बोर्डी इथं १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलेलं होतं. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचं लग्न वयाच्या तेराव्या वर्षी झालं आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९५७ साली हे काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि पुढे तेच त्याचं ठिकाण झालं. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, पण आपल्याला उपयोगाचं आहे ते त्यांचं काम करायचं डोकं.

शाळा काढली म्हणून पोरं येत नाहीत, हे त्यांना लवकरच कळलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. या दोघींनी तसं म्हटलं नाही. मूल येत नाही तर ते आत्ता कुठं आहे आणि काय करतं आहे, हे त्यांनी पाहिलं.

लहान मूल आपल्या अंगणात होतं. मग शाळाच अंगणात गेली. झाडाखाली, झोपडीपुढं बसायचं, आधी हात-तोंड-अंघोळ, मग गाणी, गोष्टी, खेळ. साहित्य दुकानातलं नाही, तर बिया, शिंपले, खडे, पानं. हीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही आज अंगणवाडी हेच नाव आहे.

मोठी मुलगी येत नव्हती, कारण तिच्या काखेत धाकटं भावंडं होतं. मग कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. तान्हं पाळणाघरात, त्याहून मोठं बालवाडीत, आणि थोरली आपल्या वर्गात. भावंडं नजरेच्या टप्प्यात, म्हणून तिच्याही जिवाला घोर नाही.

मुलगा येत नव्हता, कारण तो गुरांमागं होता. मग शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरतात, गुराखी शिकतो.

यातली खुबी ध्यानात घ्या. तिन्ही ठिकाणी मुलाला दोष दिला नाही, आईबापाला व्याख्यान दिलं नाही. मुलाला अडवणारं काम कोणतं ते शोधलं आणि त्या कामाची सोय लावली. कामाची सोय झाली की मूल मोकळं होतं. आम्हांला वाटतं, मार्च-एप्रिलात आपल्या घराला लागणारी मात्रा हीच आहे. "अभ्यास कर" असं दहादा सांगण्यापेक्षा तिच्या काखेतलं पोर तासभर उचलून घेणं जास्त गुणाचं.

आपण काय करू शकतो

१. एकाच कॅलेंडरवर दोन्ही हंगाम लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर उसाच्या नोंदी आपण करतोच. त्याच पानावर पोरांच्या पेपरच्या तारखा लाल शाईनं लिहा. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर आणि जातीवर ठरतो, परीक्षेसाठी तो बदलून मिळणार नाही. पण गट ऑफिसात अंदाज विचारून ठेवला तर घरची सोय आधी लावता येते. बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला चार दिवस बोलावून घ्यायचं तर आधी निरोप गेलेला बरा.

२. पाण्याची पाळी पैऱ्यानं करा. आपल्याकडे इर्जिक आणि पैरा या जुन्या रीती आहेत. पेरणीला चालतात तर परीक्षेला का चालू नयेत? ज्याच्या घरी पेपर आहे त्याचं रात्रीचं पाणी शेजाऱ्यानं धरावं, पुढच्या आठवड्यात त्यानं फेड करावी. सकाळी पेपर असलेल्या पोराला रात्री दारं धरायला पाठवू नये, एवढा नेम वस्तीनं पाळला तरी पुष्कळ.

३. वस्तीवर एक अंगण ठरवा. पाच-सहा घरांची बारकी पोरं एका अंगणात, एखाद्या आजीच्या किंवा काकूच्या देखरेखीखाली, रोज दोन-तीन तास, तीन आठवडे. खेळायला चिंचोके आणि खडे पुरतात. तेवढ्या वेळात तीन-चार थोरल्या पोरी अभ्यासाला मोकळ्या होतात.

४. घरातल्या बाईचं काम वाटून घ्या. तिची झोप चार तासांवर आली की घराचा सूर बिघडतो, मग पोरांवर ओरडा होतो. डेअरीला दूध घालणं, पाणी भरणं, पोरांना शाळेत पोचवणं, यांतलं एखादं काम घरधन्यानं या दिवसांत आपल्याकडे घ्यावं. कमीपणा काही नाही. आणि तिनं सगळ्यांबरोबर जेवायला बसावं, मागून उरलंसुरलं नाही.

५. जीभ आवरा. "नापास झालास तर हातात कोयता देईन" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्यानं पोर शहाणं होत नाही, घाबरतं. शिवाय ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यात जातो, त्यांच्या कष्टाचाही तो अपमान आहे. दहावीत विषय राहिला तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरवणी परीक्षा असते, वर्ष बुडतंच असं नाही. पोर जेवेनासं झालं, झोपेना, बोलेना, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. जास्त वाटलं तर १४४१६ या टेलिमानस नंबरावर फोन फुकट लागतो, तिथं मराठीतही बोलता येतं.

आपल्या फडातली पोरं

आता थोडं उंबऱ्याबाहेरचं. आपल्या फडात टोळी येते तेव्हा तिच्याबरोबर तिची लेकरंही येतात. पाचटाच्या ढिगाजवळ आठ-नऊ वर्षांची पोर तान्ह्याला घेऊन बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोसबादला जी काखेतलं पोर घेऊन आली, तीच ही. आपल्या थोरलीला पेपर आहे हे आपल्याला निदान ठाऊक असतं. हिची तर शाळाच गावाकडे राहिलेली असते.

एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही जवळच्या शाळेत बसता येतं, दाखला नाही म्हणून शाळा नको म्हणू शकत नाही. टोळी उतरली की मुकादमाला विचारून लेकरांची संख्या गावच्या गुरुजींना कळवणं, हे सभासदाला अवघड नाही. आणि हंगाम संपून टोळी परत निघते तेव्हा परीक्षा बहुधा व्हायची असते. निघण्याआधी इथल्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेतलं तर मुलाला गावच्या शाळेत पुढं बसायला सोपं जातं. आपण दोन शब्द आठवणीनं सांगितले तर त्या लेकराचं वर्ष वाचेल.

ऊस आज ना उद्या जाईलच, मागं राहिला तरी खोडवा फुटतो. पोरांच्या वर्षाला असा खोडवा नाही. म्हणून या हंगामाची सांगता करताना कारखान्याच्या शेवटच्या पोत्याबरोबर घरातल्या शेवटच्या पेपरचीही आठवण असू द्या. पेपर देऊन पोरगी दारात आली की "सोपा गेला का?" हे मागाहून विचारा. आधी पाणी द्या, आणि म्हणा, "बस जरा."

सर्व विद्यार्थ्यांना शुभेच्छा, आणि त्यांच्या आयांना आमचा नमस्कार.