मनाचे दुखणे आणि मायबोली

शरीराचे दुखणे वैद्याला दाखविता येते. दात दुखत असेल तर त्यावर बोट ठेवता येते. पाय मुरगळला तर त्याची सूज वैद्याच्या नजरेस आपोआप पडते. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. ते डोळ्यांना दिसत नाही की नाडीत सापडत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते आणि शब्दांनीच समजून घ्यावे लागते. मग ज्याला वैद्याची भाषा येत नाही, त्याने आपल्या मनाची व्यथा कोणापाशी सांगावी? जर्मनीतील तुर्की भाषिकांपुढे हा प्रश्न कित्येक वर्षे उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतील उद्योगधंदे पुन्हा भरभराटीस आले. कारखान्यांत व खाणींत काम करण्यास माणसे पुरेनात. तेव्हा ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकावरून आगगाड्या भरभरून तुर्की स्त्रीपुरुष म्यूनिकला जाऊ लागले. जर्मनीत त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुणा चार दिवस राहून आपल्या घरी परततो, अशीच दोन्हीकडची समजूत होती. १९७३ साली ही भरती बंद झाली. परंतु पुष्कळ पाहुणे परत गेले नाहीत. त्यांनी बायकामुलांना आणून तेथेच संसार थाटला. आज तुर्की वंशाचे सुमारे ३० लाख लोक जर्मनीत राहतात.

या लोकांच्या नातवंडांना जर्मन भाषा उत्तम येते. पण पहिल्या पिढीतील कित्येकांना ती कामापुरतीच आली. यंत्रापाशी उभे राहण्यास किंवा बाजारहाट करण्यास तेवढी भाषा पुरे. मनातील दुःख सांगण्यास ती अपुरी पडते. अशा वेळी घरातील मुलालाच दुभाषी म्हणून दवाखान्यात नेले जाई. परंतु आईने आपले सारे दुःख पोटच्या लहान मुलाच्या तोंडून कसे वदवावे? ती अर्धे बोलते व अर्धे गिळून टाकते.

शिवाय प्रत्येक भाषेत दुःख सांगण्याची निराळी रीत असते. फार मोठा शोक झाला म्हणजे तुर्की माणूस 'माझे काळीज जळते आहे' असे म्हणतो. काळजासाठी तो जो शब्द वापरतो, त्याचा आणि मराठीतील 'जिगर' या शब्दाचा उगम एकाच फार्सी शब्दात आहे. मराठी माणसास या बोलण्याचा अर्थ तत्काळ कळेल. पण शब्दाला शब्द ठेवून त्याचे भाषांतर केले, तर परका डॉक्टर पोटाची तपासणी करू लागेल! महाराष्ट्रात खेडोपाडी 'बेंबी सरकली' असे म्हणतात; तुर्कस्तानातही 'बेंबी पडली' अशी तक्रार ऐकू येते. असे शब्द कोशात सापडले, तरी त्यांमागची भावना कोशात सापडत नाही.

मातृभाषेचा मनाशी असलेला हा संबंध शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिला आहे. कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेगी व जीन ग्लीसन यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या व पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. मनात खळबळ झाली की हाताला सूक्ष्म घाम सुटतो. तो यंत्राने मोजता येतो. लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकाव्या लागतात तशा दटावणीच्या वाक्यांनी तुर्कीत जेवढी खळबळ झाली, तेवढी इंग्रजीत झाली नाही. अर्थ तोच होता; पण एक भाषा बुद्धीपर्यंत पोचली आणि दुसरी हृदयापर्यंत.

तुर्की भाषा जाणणारे मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आढळतात. परंतु लहान गावात राहणाऱ्यांना ते दुर्लभच. येथे इंटरनेट साहाय्यास येते. ठरलेल्या वेळी रुग्ण आपल्या घरी व तज्ज्ञ आपल्या खोलीत बसतो आणि पडद्यावर दोघे समोरासमोर बोलतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत घराबाहेर पडणे कठीण झाले, तेव्हा ही पद्धत झपाट्याने वाढली. तिचा आणखीही एक लाभ आहे. मनाच्या उपचारास जाणारा तो वेडा, असा खुळा समज अनेक समाजांत आहे. शेजारी काय म्हणतील या भीतीने दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस घरबसल्या मन मोकळे करू शकतो.

तथापि या उपायास मर्यादाही आहेत. दाटीच्या घरात एकांत मिळत नाही. वृद्धांना यंत्र हाताळता येत नाही. कोणाच्या जिवावर बेतले असेल, तर पडद्यावरील संभाषण पुरेसे नसते. तेथे माणूस प्रत्यक्ष जवळ हवा. शिवाय नुसती भाषा तीच असून भागत नाही. नेदरलँड्समधील तुर्की लोकांसाठी इंटरनेटवरून स्वयंसाहाय्याचा एक पाठ्यक्रम तयार करून ९६ जणांवर पारखण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पाठ तुर्कीतही उपलब्ध होते, तरी अनेकांनी ते मध्येच सोडून दिले. भाषेने दार उघडते; पण आत आलेल्याचा हात धरून त्याला पुढे नेण्यास कुशल व सहृदय माणूसच लागतो.

परमुलखात गेलेला मनुष्य तेथील भाषा शिकतो, आणि ती त्याने शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून त्याला तेथे सन्मानाने राहता येणार नाही. पण पोट भरण्याची भाषा व रडण्याची भाषा नेहमी एकच असते असे नाही. ज्या भाषेत आईने त्याचे डोळे पुसले, त्या भाषेत कोणी 'काय होते आहे?' असे विचारले, तर वर्षानुवर्षे कोंडलेले दुःख वाट शोधू लागते. आणि दुःखाला वाट मिळणे, हाच त्याच्या उपचाराचा आरंभ होय.