ब्रेकच्या पाइपचं फुललेलं तोंड

तिरोडीच्या खाणीतून निघणारं मँगनीजचं ते काळं, हाताला जड लागणारं खनिज शेवटी जातं कुठे? बहुतेक सगळं पोलादात. तिथे ते काय करामत करतं हे पाहायला मोठा पूल नको. गाडीखाली वाकून ब्रेकचा पाइप बघा. जेमतेम 4.75 मिलिमीटर व्यासाची नळी, तिची भिंत 0.7 मिलिमीटरची. करकचून ब्रेक मारला की आतलं ऑइल दर चौरस सेंटीमीटरला 70 ते 100 किलोच्या जोराने बाहेर पडायची वाट शोधतं. तरी सांध्यातून एक थेंब गळत नाही!

का गळत नाही? नटाच्या आट्यांमुळे? मुळीच नाही. आट्यांमधून ऑइल खुशाल झिरपेल. या सांध्यात रबर नाही, वॉशर नाही, टेप तर लावायचीच नसते. नट फक्त पाइपचं फुलवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, समोरच्या बैठकीवर दाबून धरतो. तेवढ्या दाबाने मऊ पोलाद किंचित दबतं, बैठकीला घट्ट चिकटून बसतं. धातूच धातूचं बूच होतो.

पण नळीचं तोंड फुलवताना सगळ्यात जास्त ताणली जाते ती कड, आणि चीर पडते तीही तिथेच. म्हणून दुहेरी फ्लेअर: टूलने आधी तोंडाला फुगवटा आणायचा, मग शंकू दाबून तो आत दुमडायचा. शिंपी कापडाची कड दुमडून शिवतो, तसंच. बैठकीवर आता दोन थर टेकतात.

थंड पोलाद इतकं वाकतं आणि तुटत नाही, याची तयारी भट्टीतच झालेली असते. लोखंडात गंधक उरलं की त्याचं लोह-सल्फाइड होतं. लोखंडाच्या संगतीत ते 1,000 अंशांच्या आतच वितळून कणाकणांच्या मध्ये पसरतं, आणि लालभडक पोलाद लाटायला घेतलं की पट्टी तडकते. मँगनीज काय करतं? गंधकाला आधीच स्वतःशी बांधून टाकतं. मँगनीज-सल्फाइड वितळायला 1,600 अंशांच्या आसपास उष्णता लागते! पाइपच्या मऊ पोलादात मँगनीज साधारण अर्धा टक्का, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यावर पट्टी अखंड लाटली जाते. बंडी नावाच्या ब्रेक-पाइपमध्ये तर तांब्याचा मुलामा दिलेली हीच पट्टी दोन वेढे गुंडाळतात आणि भट्टीत तांबं वितळवून जोडतात. म्हणजे 0.7 मिलिमीटरच्या त्या भिंतीतही दोन थर!

पण ऑइल अडतं ते बैठकीवरच, म्हणून जुन्या जीपला नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवणाऱ्याने आधी बैठक बघावी. इंची मापाच्या जुन्या गाड्यांत बहुधा 45 अंशांचा दुहेरी फ्लेअर असतो, मेट्रिक गाड्यांत बरेचदा गोलसर बबल फ्लेअर, तर रेसिंगच्या एएन फिटिंगला 37 अंश. फरक आठच अंशांचा, पण 37 च्या बैठकीवर 45 चं तोंड नुसत्या एका बारीक रेषेवर टेकतं. मग नट कितीही आवळा, गळती थांबत नाही.

आटे तर त्याहून फसवे. 3/8 इंची नटाचा व्यास 9.5 मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर 1.06, मेट्रिक नट 10 मिलिमीटरचा, अंतर 1. त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सहज फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब येताच उखडू शकतो. दोन्ही टोकं वेगळी असतील तर सरळ एकाच पाइपला एकीकडे दुहेरी आणि दुसरीकडे बबल फ्लेअर काढावा, प्रत्येक टोकाला त्याचाच नट. मला हा उपाय अडॅप्टरपेक्षा आवडतो, कारण गळू शकणारा एक सांधा कमी होतो. फक्त दुसरं टोक फुलवण्याआधी दोन्ही नट पाइपवर ओवून घ्यावेत.