पाहुण्याचा पत्ता

हैदराबादेत मासाब टँकजवळ 'ए. सी. गार्ड्‌स' नावाची वस्ती आहे. निजामाच्या आफ्रिकन घोडदळाच्या पथकावरून तिला हे नाव पडले, आणि त्या सैनिकांचे वंशज आजही तेथे राहतात. त्याच शहरात आज आफ्रिकेतील तरुण उच्च शिक्षणासाठी येतात. परंतु भाड्याने खोली शोधू लागले की कित्येक दारे त्यांच्यासाठी उघडतच नाहीत.

ही अडचण केवळ निवाऱ्याची नाही, हे आम्हांला वाचकांच्या ध्यानात आणून द्यावयाचे आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नाव नोंदविले पाहिजे, असा नियम आहे. नोंदणीस पत्त्याचा पुरावा लागतो. एखादा घरमालक खोली देतो, भाडेही चढे घेतो. मात्र लेखी करार करीत नाही, आणि परदेशी भाडेकरूची जी माहिती त्याने २४ तासांत सरकारला कळवावयाची, तीही कळवीत नाही. करार नाही म्हणून पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून नोंदणी अडते. नोंदणी अडली की व्हिसाची मुदतवाढही अडते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यान्वये मुदत संपल्यावर देशात राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जो मुलगा पुस्तके घेऊन आला, तो अशा रीतीने एका न लिहिलेल्या कागदापायी गुन्हेगार ठरावयाचा!

दुसरे दुःख याहून खोल आहे. मायदेशी तो इग्बो असतो, लुओ असतो, चग्गा असतो; त्याला स्वतःची भाषा असते, गाव असते. येथे मात्र ५४ देशांच्या त्या विशाल खंडातून आलेला कोणीही आपल्या तोंडी सरसकट 'नायजेरियन' होतो. ३१ जानेवारी २०१६ रोजी बेंगळुरूत एका सुदानी तरुणाच्या मोटारीखाली एक स्त्री मृत्यू पावली. काही वेळाने तेथे आलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. तिचा त्या अपघाताशी कसलाही संबंध नव्हता. दोघांचे देश वेगळे होते. परंतु जमावाने पाहिला तो केवळ वर्ण.

वास्तविक हा वर्ण आपल्या भूमीला अनोळखी नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. बेळगाव आणि गोवा यांच्या शेजारी, हल्याळ-यल्लापूरच्या रानांत सिद्दी बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आहेत; त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कॅथलिकही आहेत. शहरात गेले की त्यांनाही "तुम्ही कोणत्या देशाचे?" हा प्रश्न ऐकावा लागतो. जन्मभूमीतच ज्यांना परके ठरविले जाते, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे दूरदेशीच्या मुलाची व्यथा समजण्यास वेळ लागू नये.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी रिकामी खोली असेल आणि असा विद्यार्थी दारी आला, तर त्याचा पासपोर्ट व व्हिसा अवश्य पाहावा. तो आपला हक्कच आहे. मग रीतसर करारपत्र करावे आणि सरकारला वेळेवर कळवावे. एवढ्याने त्याचा पत्ता कायद्यास मान्य होईल. आणि त्याचे नाव व देश एकदा नीट विचारून घेऊन पुढे त्याच नावाने त्याला हाक मारावी.