पराभवातील सोबत

अमेरिकेतील शिकागो कब्स हा बेसबॉल संघ १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला. त्यानंतरचे अजिंक्यपद थेट २०१६ मध्ये लाभले. मधली १०८ वर्षे आजोबांकडून नातवाकडे आला तो पराभवाचाच वारसा. विजयानंतर चाहत्यांनी रिग्ली फील्ड मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहिली. त्यांत हा दिवस न पाहताच निवर्तलेल्या आप्तांची नावे होती. इतक्या पराभवांनंतर स्मरणात उरले होते ते शेजारी बसलेले माणूस.

असाध्य आजार घरात आला की नातलग मला विचारतात, ‘डॉक्टर, आता करण्यासारखे काय उरले?’ तेव्हा मला ती भिंत आठवते. आजार हटणार नसला, तरी रुग्णाच्या उशाशी रोज थोडा वेळ बसावे. वेदनाशमन आणि सोबत हेही उपचारच आहेत.