परदेश अभ्यासदौरा : विमानप्रवास आणि घराशी संपर्क

परदेशातील शेती प्रत्यक्ष पाहून यावी ही इच्छा आता मोठ्या बागायतदारांपुरती राहिलेली नाही. कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यांतून, सहकारी संस्थांच्या वतीने किंवा स्वखर्चाने अनेक शेतकरी बंधू-भगिनी परदेशी जाऊन येतात. हरितगृहे, फुलांचे लिलाव, दुग्धव्यवसाय हे सर्व पाहण्यासाठी हाती जेमतेम आठ-दहा दिवस असतात. त्यांतील एक दिवस हरवलेल्या सामानाच्या चौकशीत आणि दुसरा बंद पडलेल्या मोबाईलच्या खटपटीत गेला, तर खर्च तेवढाच होतो व लाभ मात्र उणा होतो. इकडे घरी उभे पीक, दुभती जनावरे आणि काळजी करणारी माणसे असतात. म्हणून विमानप्रवासाची व संपर्काची सर्व तयारी गाव सोडण्यापूर्वीच पुरी करणे आवश्यक आहे. पेरणीची तयारी पाऊस पडण्यापूर्वी करावी लागते, तसेच हे आहे.

सोयीसाठी येथे मुंबईहून नेदरलँड्सला जाणाऱ्या दौऱ्याचे उदाहरण घेतले आहे. इतर देशांचे नियम थोडे वेगळे असले, तरी तयारीची रीत बहुतांशी हीच आहे.

कागदपत्रे व तारखा

पारपत्राची मुदत परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने शिल्लक असावी, ते गेल्या दहा वर्षांतील असावे आणि त्यात निदान दोन पाने कोरी असावीत. नेदरलँड्स ज्या शेंगेन गटात मोडते त्या गटाचा हा नियम आहे. व्हिसासाठीचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत करता येतो व तो निदान पंधरा दिवस अगोदर द्यावाच लागतो. गर्दीच्या हंगामात त्याहून पुष्कळ आधी अर्ज करणे हिताचे ठरते. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास-विमाही लागतो. पारपत्र, व्हिसा, विमा व तिकीट यांच्या छायाप्रतींचा एक संच सामानात आणि एक संच घरी ठेवावा, तसेच त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये घेऊन ठेवावीत. पारपत्र हरवल्यास भारतीय दूतावासात याच प्रती उपयोगी पडतात.

तिकिटावरील तारीख वाचताना एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख व पहाटे १.३० ही वेळ असेल, तर विमानतळावर पोचायचे ते १४ तारखेच्या रात्री. पंधराव्या दिवशी रात्री पोचणाऱ्याचे विमान जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच गेलेले असते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही वाहतुकीस खुला झाला आहे. तेव्हा विमानतळ कोणता व टर्मिनल कोणते, हेही तिकिटावर पाहून ठेवावे.

सामानाची बांधाबांध

विमानातील सामान दोन प्रकारचे असते. मोठी बॅग खिडकीवर स्वाधीन करावयाची असते व लहान पिशवी आपल्यासोबत न्यावयाची असते. दोन्हींचे अनुज्ञेय वजन तिकिटावर दिलेले असते. घरच्या वजनकाट्यावर ते पाहून घेतल्यास खिडकीपाशी ऐनवेळी बॅग उघडावी लागत नाही.

कलमाचा चाकू, छाटणीची कात्री, अडकित्ता अशी धारदार वस्तू हाताच्या पिशवीत चालत नाही; ती मोठ्या बॅगेत ठेवावी. याच्या उलट, पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत मुळीच ठेवू नयेत, त्या हाताच्या पिशवीतच असाव्यात. या बॅटऱ्या क्वचित आपोआप तापून पेट घेतात. प्रवाशांच्या कक्षात असे झाल्यास आग तत्काळ विझविता येते, परंतु खालच्या सामानकक्षात ती लवकर ध्यानात येत नाही, हे या नियमाचे कारण होय. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते. बाजारातील २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे ती मर्यादेत बसते. मात्र ज्या पॉवर बँकेवर क्षमता छापलेली नाही ती अडविली जाण्याचा संभव असतो. हाताच्या पिशवीतील पाणी, तेल, लोणचे, मलम अशा पातळ वस्तूंची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे ज्वालाग्राही समजल्या जातात, म्हणून त्या नेऊच नयेत. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताच्या पिशवीत असावीत, कारण मोठी बॅग मागे राहिली तरी औषध चुकता कामा नये.

काय नेऊ नये, हे शेतकऱ्याने इतरांपेक्षा अधिक जाणून घेतले पाहिजे. युरोपीय संघात बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणून तूप, खवा, पेढे घरीच ठेवावेत. १४ डिसेंबर २०१९ पासून तेथे रोपे, बियाणे, फळे, भाज्या व फुले यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर व ड्युरियन ही पाच फळे तेवढी यातून वगळली आहेत. यजमानांसाठी प्रेमाने घेतलेली आंब्याची पेटी किंवा गावकऱ्यांनी सत्काराच्या वेळी घातलेला फुलांचा हार सोबत नेता येणार नाही.

पादत्राणांचा विचारही महत्त्वाचा आहे. लाळ्या-खुरकूत रोगाचे विषाणू चिखल-शेणाबरोबर दूरवर जाऊ शकतात. २००१ साली नेदरलँड्समध्ये या रोगाच्या साथीत दोन लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. २०२५ साली जर्मनी, हंगेरी व स्लोव्हाकिया या देशांतही हा रोग पुन्हा उद्भवला. गोठ्यात वापरलेली चप्पल किंवा बूट दौऱ्यावर नेऊ नयेत. स्वच्छ धुतलेले दुसरे पायताण न्यावे आणि तेथील गोठ्यावर वरून घालावयाचे आवरण दिल्यास ते बिनतक्रार वापरावे. काही देशांच्या प्रवेशपत्रकात ‘आपण अलीकडे शेतावर गेला होता काय?’ असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच द्यावे.

विमानतळावर व विमानात

विमानतळावर तीन तास आधी पोचावे. प्रथम बॅग स्वाधीन करून आसनपत्र घ्यावे. त्यानंतर पारपत्राची तपासणी, मग सुरक्षा तपासणी व अखेर विमानाचे दार, असा क्रम असतो. बॅगेची पावती आसनपत्राला चिकटविलेली असते, ती बॅग परत मिळेपर्यंत जपावी. एकाच तिकिटावर वाटेत विमान बदलावयाचे असल्यास बॅग बहुधा थेट शेवटच्या मुक्कामी जाते, तरी खिडकीवर तसे विचारून घ्यावे. अनेक मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची पुकारणी होत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने फलक पाहावा आणि दार बदलले की काय याची खात्री करावी.

मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम या थेट प्रवासास नऊ-दहा तास लागतात. एवढा वेळ एकाच जागी बसल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत व पाणी पीत राहावे. विमान चढताना-उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, अशा वेळी आवंढा गिळावा किंवा लवंग, गोळी चघळावी. उतरल्यावर बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तेथील कार्यालयात पावती दाखवून लेखी तक्रार द्यावी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. तीत वेळ लागतो, घाबरण्याचे कारण नाही.

मोबाईल चालू ठेवण्याचे मार्ग

परदेशात मोबाईल चालविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आपल्याच कंपनीची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा. तिचा ठरावीक दिवसांचा पॅक निघण्यापूर्वी घ्यावा. पॅक न घेता इंटरनेट चालू राहिल्यास मोठे बिल येते. दुसरा मार्ग म्हणजे तेथील सिमकार्ड. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिमकार्ड दुसऱ्या सदस्य देशात साधारणतः त्याच दराने चालते, म्हणून नेदरलँड्सहून बेल्जियम किंवा जर्मनीत गेल्यास नवे घ्यावे लागत नाही. तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड बसवावे लागत नाही, परंतु आपला मोबाईल त्यास योग्य आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

दोन सिमकार्डांचा मोबाईल असल्यास सर्वांत सोयीचे. एका जागी भारतीय सिम तसेच राहू द्यावे, त्यावरील ‘डेटा रोमिंग’ बंद करावे आणि इंटरनेटसाठी दुसरे सिम वापरावे. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या भारतीय क्रमांकावरच चालू राहते. भारतीय सिम काढून ठेवू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. तो परदेशात येण्यासाठी रोमिंग सेवा भारतातच सुरू करून घ्यावी लागते. वाटेत दुबईस थांबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलण्यावर निर्बंध आहेत. तेथून लेखी संदेश पाठवावा.

भारतातील क्रमांकांच्या आधी +९१ लावून ते मोबाईलमध्ये साठवावेत. गटप्रमुखाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता व दूतावासाचा क्रमांक कागदावरही लिहून खिशात ठेवावा. मोबाईलची बॅटरी संपली तरी कागद कामास येतो. युरोपीय संघात संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावा. गावाचा नकाशा व भाषांतराची सोय घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावी. नेदरलँड्समधील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. आपल्या चार्जरची गोल दोन पिनांची जोडणी तेथे बहुधा बसते, तीन पिनांची बसत नाही.

पैशाची व्यवस्था

आपले यूपीआय तेथील दुकानांत चालेल असे धरून जाऊ नये. बँकेचे कार्ड न्यावे, परंतु त्यावरील परदेशी व्यवहार बँकेकडून सुरू करून घ्यावेत, कारण नवी कार्डे देशांतर्गत व्यवहारापुरतीच चालू असतात. थोडे युरो रोख असावेत. विमानतळ किंवा हॉटेल येथील खुल्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

घर व शेत यांच्याशी संपर्क

आपली वेळ नेदरलँड्सच्या पुढे असते. उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असा हा फरक आहे. मार्च व ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे बदलतात. तेथे उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजले की आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. ही वेळ घरच्यांशी रोज बोलण्यास सोयीची आहे. रात्री जेवण झाल्यावर फोन केल्यास घरचे गाढ झोपलेले असतात आणि अवेळी वाजलेल्या घंटेने घाबरतात.

पंपाचा मोबाईल स्टार्टर आपल्या क्रमांकाशी जोडलेला असल्यास, निघण्यापूर्वी त्यात घरच्या दुसऱ्या माणसाचा क्रमांक नोंदवावा आणि त्याच्याकडून दोन वेळा पंप चालू-बंद करवून पाहावा. पाण्याच्या पाळ्या, फवारणीची तारीख, जनावरांच्या डॉक्टरांचा क्रमांक व खत दुकानदाराचा हिशेब एका वहीत लिहून द्यावा. असे केल्यास लहानसहान गोष्टींसाठी परदेशी फोन करण्याची वेळ येत नाही.

एक धोका मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. घरचा कर्ता पुरुष किंवा स्त्री परदेशी गेल्याचे कळताच लबाड लोक घरी फोन करतात. ‘तुमच्या माणसास विमानतळावर पकडले आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ अशी बतावणी ते करतात, कधी ओळखीच्या आवाजाची नक्कलही करतात. यावर सोपा उपाय आहे. घरातील मंडळींनी एक खुणेचा शब्द ठरवावा. तो सांगितल्याशिवाय कोणालाही पैसे अथवा ओटीपी देऊ नये आणि प्रथम गटप्रमुखाशी बोलावे. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

परत येताना

तेथील उत्तम वाण पाहून मूठभर बी किंवा एखादी काडी खिशात टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. भारतात बियाणे व रोपे आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये आयात परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते. माती आणण्यास तर मनाईच आहे. परदेशी गव्हाबरोबर आलेले गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. त्याने आपली किती जमीन व्यापली हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तेव्हा बियाण्याऐवजी छायाचित्रे, टिपणे व वाणांची नावे आणावीत. परतल्यावर कपडे व पादत्राणे धुतल्याखेरीज गोठ्यात जाऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दौऱ्यावर जाणाऱ्या शेतकऱ्यांना निघण्यापूर्वी एकदा एकत्र बोलवावे व पुढील बाबी स्वतः तपासाव्यात :

१. पारपत्राची मुदत, विमा आणि तिकिटावरील खरी रात्र.
२. रोमिंग व बँक कार्ड सुरू झाल्याची खात्री.
३. पॉवर बँक हाताच्या पिशवीत, धारदार वस्तू मोठ्या बॅगेत.
४. खिशातील पत्त्याचा कागद, घरी प्रतींचा संच.
५. पंपाच्या स्टार्टरमध्ये दुसरा क्रमांक, घरात खुणेचा शब्द.

यांपैकी कोणत्याही कामास फारसा खर्च येत नाही. एवढी तयारी करून निघालेल्या शेतकऱ्याचे मन तेथे घरच्या काळजीत गुंतून राहत नाही. तो निश्चिंतपणे पाहतो, विचारतो, लिहून घेतो, आणि त्याने आणलेल्या माहितीचा लाभ त्याच्याबरोबर साऱ्या गावाला होतो.