झाडछाटणीतील अपघात : शिडी व यंत्रकरवतीचा दुहेरी धोका

पनागर (जि. जबलपूर) : पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या फांद्या छाटणे आणि पावसानंतर उद्यानांतील गवत कापणे, ही पनागरसारख्या लहान नगरपालिका क्षेत्रांतील नेमाची कामे. अनेक ठिकाणी ती कंत्राटी मजुरांकडून करून घेतली जातात. त्यांतील गंभीर दुखापती प्रामुख्याने शिडी व यंत्रकरवत एकत्र वापरल्याने संभवतात.

शिडीवर दोन पाय आणि एक हात असे तीन आधार कायम असावेत, हा सुरक्षेचा मूळ नियम आहे. यंत्रकरवतीला मात्र दोन्ही हात लागतात. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास करवत उसळून चालकाच्या तोंडाकडे येते. तुटलेली फांदी शिडीवर आदळू शकते. वीजतारा जवळ असल्यास ॲल्युमिनियमची शिडी किंवा ओली फांदीही प्राणघातक ठरते.

गवत कापणीच्या यंत्राचे धोके वेगळे आहेत. त्याच्या पात्याने उडालेले खडे डोळ्यांना इजा करतात; म्हणून इतरांनी किमान 15 मीटर दूर राहणे आवश्यक असते. 85 डेसिबलपेक्षा अधिक आवाजात रोज काम केल्यास श्रवणशक्ती घटते, तर दीर्घकाळच्या कंपनांमुळे बोटांचा रक्तपुरवठा मंदावतो.

यावरील पहिला उपाय म्हणजे लांब दांड्याची करवत वापरून जमिनीवरूनच छाटणी करणे. उंचावर जाणे अटळ असल्यास पाळण्याची गाडी वापरावी आणि पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून वीजप्रवाह आधी बंद करून घ्यावा. केवळ पाहणीसाठी शिडी लावताना 4 मीटर उंचीला पाया 1 मीटर दूर ठेवावा.

अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा कळीचा प्रश्न आहे. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील तत्त्वे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. कामामुळे व कामाच्या ओघात झालेल्या अपघातात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ‘मजुराने हेल्मेट घातले नव्हते’ या कारणावरून भरपाई नाकारता येत नाही. मजूर कंत्राटदाराचा असला, तरी काम देणाऱ्या मुख्य मालकाकडे दावा करता येतो. तो मालक ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो.

त्यामुळे हजेरी, मजुरी आणि उपचारांची कागदपत्रे जपून ठेवणे मजुराच्या हिताचे आहे. काम कोणी दिले व दुखापत कोठे झाली, हे त्यांवरूनच सिद्ध होते.